विश्लेषण : आयटीआयमध्ये नवी यंत्रे येतील, पण शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार?

आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना आली आहे. कार्यशाळा बदलतील, नवे ट्रेड येतील, उद्योगही भागीदार होतील. पण वीस मुलांच्या तुकडीसमोर रोज उभ्या राहणाऱ्या निदेशकाचे काय? त्याला शिकवायला कोण शिकवते, किती दिवस आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न यंत्रांच्या यादीत हरवू नये.

योजनेत प्रशिक्षकांसाठी काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये आयटीआय उन्नतीकरणाच्या राष्ट्रीय योजनेला मंजुरी दिली. पाच वर्षांत ६० हजार कोटी रुपये खर्च होणार आहेत. त्यातले ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे. देशातील एक हजार सरकारी आयटीआय यात येतील. त्यापैकी २०० संस्था ‘हब’ आणि ८०० ‘स्पोक’ म्हणून काम करतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पीएम-सेतू’ या नावाने योजनेचा प्रारंभ झाला आणि बातम्यांमध्ये अर्थातच हजार संस्था, नव्या प्रयोगशाळा, उद्योगांचा सहभाग यांना जागा मिळाली.

याच योजनेत एक दुसरा भाग आहे. पाच राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांची, म्हणजे एनएसटीआयची, क्षमता वाढवायची आणि ५० हजार प्रशिक्षकांना सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षण द्यायचे. आकडा मोठा वाटतो. पण देशात साडेचौदा हजारांच्या आसपास आयटीआय आहेत. सरासरी काढली तर एका संस्थेच्या वाट्याला तीन-साडेतीन प्रशिक्षक येतात. शिवाय या संस्थांपैकी सुमारे चार-पंचमांश खासगी आहेत. तिथल्या निदेशकांपर्यंत प्रशिक्षण कितपत पोहोचेल, हा वेगळाच विषय.

काम येते त्याला शिकवता येतेच, असे नाही का?

हा समज फार जुना आहे आणि भरतीच्या मुलाखतीपासून संस्थेच्या तपासणीपर्यंत सगळीकडे दिसतो. एखादा माणूस वीस वर्षे फिटर होता, मग तो फिटर घडवू शकेलच, असे गृहीत धरले जाते.

फिटर ट्रेडच्या पहिल्या काही आठवड्यांचे उदाहरण घेऊ. मुलाच्या हातात माइल्ड स्टीलचा तुकडा आणि कानस दिली जाते. कार्यशाळेत तिला कुणी कानस म्हणत नाही, ‘फाइल’च म्हणतात, आणि त्या तुकड्याला ‘जॉब’. पृष्ठभाग सपाट करायचा, एवढेच काम. नवशिक्याची फाइल होडीसारखी डुलते. त्यामुळे जॉबच्या कडा झिजतात आणि मधला भाग फुगीर राहतो. ट्रायस्क्वेअर लावून उजेडाकडे धरले की फट दिसते. मुलगा आणखी जोर लावतो आणि फट वाढते.

मुरलेल्या कारागिराला यातला दोष क्षणात कळतो, पण बऱ्याचदा सांगता येत नाही. ‘बघ, असं कर,’ म्हणत तो फाइल स्वतःच्या हातात घेतो, चार फटके मारतो, पृष्ठभाग सपाट होतो. मुलाला मात्र काहीच कळलेले नसते. कारण कारागिराचे शरीर जे करते ते त्याने कधी शब्दांत मांडलेलेच नसते. व्हाइसची उंची कोपराच्या पातळीला हवी. डावा पाय पुढे हवा. फाइल पुढे ढकलायला सुरुवात करताना दाब पुढच्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मागच्या हाताचा जास्त. परत येताना दाब सोडून द्यायचा. ही चार वाक्ये योग्य क्रमाने, योग्य वेळी, मुलाच्या हाताकडे पाहत सांगणे हे दुसरे कौशल्य आहे. ते फाइल चालवण्यातून आपोआप येत नाही.

उलट बाजूनेही चूक होते. इंजिनीअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा घेऊन आलेला तरुण निदेशक फळ्यावर कापणाऱ्या हत्याराचे कोन उत्तम काढतो. पण लेथवर टूल सेंटरला नाही, हे आवाजावरून त्याला ओळखता येत नाही आणि मुलांच्या ते लक्षात यायला दोन दिवस पुरतात. एकदा लक्षात आले की वर्ग हातातून जातो.

मग ही ‘शिकवण्याची विद्या’ आली कुठून?

थोडे मागे जावे लागेल. १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी एक प्रयोग केला. उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करत, मिळेल ते काम करत शिकण्याऐवजी त्यांनी प्रत्येक धंद्याचे तुकडे पाडले. सोप्या क्रियेपासून अवघड क्रियेपर्यंत सरावाचे नमुने ठरवून दिले. त्यामुळे एक शिक्षक एकाच वेळी अनेकांना शिकवू शकला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले आणि अमेरिकेतील तंत्रशिक्षणावर त्यांचा ठसा उमटला. आजही आयटीआयच्या कोणत्याही कार्यशाळेतील क्रमाने लावलेले जॉब पाहिले की तीच कल्पना दिसते.

पुढची पायरी पहिल्या महायुद्धातली. अमेरिकेला घाईने जहाजे हवी होती आणि गोद्यांना कामगार. कामगार घडवायला जुने कारागीरच लागणार होते, पण त्यांना शिकवता येत नव्हते. चार्ल्स अ‍ॅलन यांनी त्यांच्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली आणि १९१९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आधी शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करायची, मग काम करून दाखवायचे, मग त्याच्याकडून करून घ्यायचे आणि शेवटी तो एकटा करतो का हे तपासायचे. दुसऱ्या महायुद्धात याच पायावर ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम उभा राहिला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, खिशात मावणारे एक कार्ड आणि कारखान्यातल्या मुकादमाने प्रत्यक्ष शिकवून दाखवायचे. या कार्यक्रमातील विविध अभ्यासक्रमांतून १५ लाखांहून अधिक लोकांना प्रमाणपत्रे मिळाली. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांत टिकून राहिली.

दहा तासांत हे जमत असेल तर भारतात निदेशकाला वर्षभर कशाला बसवायचे, असा प्रश्न इथे कुणी विचारेल. फरक आहे. मुकादमाला आधीच येत असलेले एकच काम, कामावर रुजू झालेल्या प्रौढ माणसाला शिकवायचे होते. आयटीआयच्या निदेशकासमोर दहावी होऊन आलेली, काही वेळा नाइलाजाने आलेली मुले असतात आणि त्याला एक-दोन वर्षांत अख्खा ट्रेड उभा करायचा असतो.

भारतात निदेशक घडवणारी पहिली संस्था १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी येथे सुरू झाली. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना आली ती १९५० मध्ये. म्हणजे शाळेआधी शिक्षकाचा विचार झाला होता. १९६० च्या दशकात लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई आणि हैदराबाद येथे केंद्रीय संस्था उभ्या राहिल्या. मुंबईची संस्था चुनाभट्टीला आहे. महिलांसाठीची स्वतंत्र संस्था दादरला आहे.

सीआयटीएस म्हणजे नेमके काय?

सीआयटीएस म्हणजे शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना. तिचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, १,२०० तासांचा. त्यातले ४८० तास ट्रेडच्या प्रात्यक्षिकाचे आणि २७० तास ट्रेडच्या सिद्धांताचे. उरलेले ४५० तास शिकवण्याच्या पद्धतीचे आहेत. त्यातही २७० तास प्रत्यक्ष सरावाचे आणि १८० तास सिद्धांताचे. पाठ टाचण कसे करायचे, प्रात्यक्षिक कसे दाखवायचे, प्रश्नपत्रिका कशी काढायची, जॉबला गुण कशावर द्यायचे, कार्यशाळेत सुरक्षितता कशी राखायची, हे सगळे त्यात येते. सहकाऱ्यांसमोर पाठ घ्यावा लागतो. अ‍ॅलन यांच्या चार पायऱ्या आजही पाठ टाचणात दिसतात. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो आणि शेवटी राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र मिळते. एनएसटीआयशिवाय मान्यताप्राप्त सरकारी आणि खासगी संस्थांतही हा अभ्यासक्रम चालवता येतो.

आयटीआयच्या पहिल्या वर्षाचेही सध्या १,२०० तासच आहेत. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास सिद्धांताचे आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्यांचे. म्हणजे मूल वर्षातले ७० टक्के तास कार्यशाळेत घालवते. तिथे शिकवणारा माणूस कच्चा असेल तर ती उणीव पुस्तकाने किंवा व्हिडीओने भरून निघत नाही.

नियम काय सांगतो?

नियम कागदावर चांगला आहे. पदवीधराला किमान एक वर्षाचा, डिप्लोमाधारकाला दोन वर्षांचा आणि आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र असलेल्याला तीन वर्षांचा अनुभव हवा. दोन तुकड्यांसाठी दोन निदेशक लागतात. त्यातला एक पदवी-डिप्लोमावाला आणि दुसरा आयटीआय किंवा उमेदवारीतून आलेला असावा आणि दोघांकडेही निदेशक प्रमाणपत्र असावे. पुस्तक आणि हात यांची जोडी जमावी, हा यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे.

गडबड होते ती अंमलबजावणीत. प्रमाणपत्रधारक मिळत नाही, म्हणून आधी नेमणूक आणि प्रशिक्षण नंतर, अशी वाट निघते. नंतर निदेशकाला वर्षभरासाठी पाठवायचे तर त्याची वीस मुलांची तुकडी कोण सांभाळणार? त्याच्या जागी उभा करायला माणूस नसतो. प्राचार्य ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणतात. यात प्राचार्यांचा दोष फारसा नाही, कारण सुटीवरच्या निदेशकाच्या जागी पर्यायी माणूस देण्याची सोयच कच्ची आहे.

महाराष्ट्रात चित्र कसे आहे?

राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि खासगी संस्था त्याहून जास्त. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या १,४५७ पदांची जाहिरात काढली. एकाच भरतीत इतकी पदे काढावी लागली, यावरून आधी किती खुर्च्या रिकाम्या होत्या हे समजते. मधल्या काळात वर्ग चालले ते मुख्यतः तासिका तत्त्वावरील निदेशकांच्या खांद्यावर.

तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासांचे मानधन. वर्ग नाही तर पैसे नाहीत. या माणसाला पाठाची तयारी करायला, यंत्राची देखभाल करायला, एखाद्या कंपनीत जाऊन नवे तंत्र पाहून यायला कोणता तास मोजून मिळणार? वर्षभराचे सीआयटीएस करायचे तर तेवढ्या काळाची कमाई सोडून जावे लागते आणि परत आल्यावर तीच तासिका मिळेल याची हमी नसते. चाकण किंवा रांजणगावला देखभाल विभागात काम करणाऱ्या कुशल फिटरला हे गणित सांगून पाहा. तो नोकरी सोडून निदेशक व्हायला येणार नाही. आलाच तर उद्योगात भविष्य न दिसणारा येईल, ही भीती खोटी नाही.

राज्य याकडे भरतीचा प्रश्न म्हणून पाहते. पदे भरणे गरजेचे आहेच, पण भरलेले पद आणि तयार निदेशक यांत अंतर आहे. ते अंतर मोजणारा रकाना तपासणीच्या अर्जात ठळक असायला हवा. यंत्रांची संख्या, चौरस मीटर, विजेचा भार हे काटेकोर मोजले जाते. निदेशकाने घेतलेला एक प्रात्यक्षिक पाठ तपासनीसाने शेवटपर्यंत उभे राहून पाहिला, असे मात्र क्वचितच घडते.

एकदा प्रशिक्षण झाले की पुरते का?

नाही. मोटर मेकॅनिकचे उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू आले. ज्या निदेशकाने उमेदवारीत कार्ब्युरेटर उघडून, जेट साफ करून, कानाने ट्यूनिंग केले त्याच्या हातातले अर्धे कसब एका तारखेला जुने झाले. आता बिघाड शोधायचा तर स्कॅनर जोडून कोड वाचावा लागतो आणि तो कोड काय सांगतो, काय सांगत नाही, हे कळावे लागते. पाठोपाठ विजेवर चालणारी वाहने आली. कारमधली बॅटरी शेकडो व्होल्टची असते. तिथे ‘हात लावून बघ’ ही जुनी शिकवण जिवावर बेतू शकते. इथे नीट न शिकलेला निदेशक हा मुलाच्या जिवाला धोका आहे.

वेल्डिंग, सीएनसी, वातानुकूलन या सर्व ट्रेडमध्ये कमी-अधिक हेच झाले आहे. म्हणून सेवांतर्गत प्रशिक्षण हवे आणि ते सभागृहात बसून पडद्यावरच्या स्लाइड पाहण्याचे नको. निदेशकाने दर दोन-तीन वर्षांनी काही आठवडे कारखान्यात किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हात काळे करून यावे. तासिका तत्त्वावरच्या निदेशकालाही त्या काळाचे मानधन मिळावे. यात खर्च आहे, पण नव्या सीएनसी यंत्राच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे.

ऑफिस आणि कॉमर्सच्या ट्रेडचे काय?

व्यवसाय शिक्षण म्हटले की तेल-ग्रीस डोळ्यांसमोर येते. पण अनेक आयटीआयमध्ये सर्वाधिक मागणी असलेल्या ट्रेडमध्ये ‘कोपा’ म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर हा एक आहे. लघुलेखन आणि सचिवीय कामाचा ट्रेडही आहे. इथे यंत्र स्वस्त आणि शिकवणे सोपे असा समज असतो. प्रत्यक्षात चूक अधिक सहज लपते. फिटरचा वाकडा जॉब उजेडात दिसतो. कोपाचा विद्यार्थी मात्र निदेशकाच्या मागोमाग क्लिक करत जातो, पडद्यावर तक्ता दिसतो आणि सगळ्यांना वाटते शिकवून झाले. दुसऱ्या दिवशी कोरी फाइल आणि दुकानाची शंभर बिले पुढे ठेवली की तो अडतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा हिशेब शिकवणाऱ्यांच्या व्हॅटच्या सरावपत्रिका एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. लहान कर सल्लागाराच्या ऑफिसात आठवडाभर बसून आलेला शिक्षक आणि फक्त नियमावली वाचलेला शिक्षक यांच्या वर्गातला फरक मुलांना लगेच कळतो. ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, न जुळणारे इनपुट क्रेडिट या गोष्टी कामाच्या टेबलावरच समजतात.

शाळांची स्थिती आणखी नाजूक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असे लक्ष्य २०२५ सालासाठी ठेवले होते. नववीपासून रिटेल, ब्युटी, ऑटोमोबाइल, कृषी असे विषय आले. हे विषय शिकवणारे प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर घेतले जातात. त्यांच्यासाठी बी.एड.सारखा किंवा सीआयटीएससारखा वर्षभराचा मार्ग नाही, काही दिवसांचे प्रशिक्षण असते. गणिताच्या शिक्षकाकडे बी.एड. मागणारी शाळा याच इमारतीत व्यवसाय शिक्षकाला मात्र काही दिवसांच्या प्रमाणपत्रावर वर्ग सोपवते. पालकांनी या विषयाला ‘जोडविषय’ समजले तर नवल नाही.

बाहेरच्या देशांत काय अनुभव आहे?

महाराष्ट्राच्या दृष्टीने जर्मनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांची चर्चा झाली. त्यासाठी भाषा शिकवण्याची तयारी सुरू झाली.

त्या देशात उमेदवार प्रामुख्याने कंपनीत शिकतो आणि आठवड्यातले काही दिवस व्यवसाय शाळेत जातो. कंपनीत शिकवणाऱ्याने स्वतः परीक्षा दिलेली असावी, असा नियम १९७२ पासून आहे. त्याला ‘एईव्हीओ’ म्हणतात. लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष शिकवून दाखवणे, असे तिचे स्वरूप. ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद ही पदवी मिळवण्याच्या परीक्षेचे चार भाग असतात, त्यातला एक पूर्ण भाग शिकवण्याचा असतो. काम येते पण शिकवता येत नाही, तर तो माइस्टर होत नाही.

सर्वात बोलका भाग पुढे आहे. २००३ मध्ये उमेदवारीच्या जागा कमी पडू लागल्या. कंपन्यांना ही परीक्षा जाचक वाटते, ती काढली तर जागा वाढतील, असा युक्तिवाद झाला आणि नियम स्थगित केला गेला. जागा काही प्रमाणात वाढल्या. पण तिथल्या संघीय व्यवसाय शिक्षण संस्थेच्या पाहणीत असे दिसले की पात्र प्रशिक्षक नसलेल्या कंपन्यांत प्रशिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते. दर्जाबद्दल तक्रारी आल्या. १ ऑगस्ट २००९ पासून नियम पुन्हा लागू झाला. माणसे मिळत नाहीत म्हणून अट शिथिल करण्याचा मोह आपल्याकडेही आहेच. श्रीमंत, शिस्तबद्ध उद्योग असलेल्या देशालाही सहा वर्षांत माघारी यावे लागले.

मुंबई यादीत का नाही आणि आता काय करता येईल?

‘पीएम-सेतू’मध्ये उत्कृष्टता केंद्रे म्हणून निवडलेल्या पाच एनएसटीआय भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथे आहेत. १९६० च्या दशकापासून असलेली मुंबई त्यात नाही. देशातील आघाडीचे औद्योगिक राज्य म्हणवणाऱ्या महाराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींनी याबद्दल विचारणा करायला हवी. चुनाभट्टीच्या त्याच आवारात टाटा समूहाच्या भागीदारीतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्किल्स’ उभी राहिली असून ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तिथे रोबोटिक्स आणि ऑटोमेशनची नवी सामग्री आहे. कुंपणापलीकडच्या निदेशक प्रशिक्षणार्थ्यांना त्या यंत्रांवर नियमित सराव मिळाला, तर यादीत नाव नसल्याची थोडी भरपाई होईल. दोन्ही संस्थांत तसा करार होणे अवघड नसावे.

पण केंद्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सीआयटीएस चालवण्याची परवानगी सरकारी संस्थांनाही मिळू शकते. राज्यात मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे व्यवसाय शिक्षणाचे सहा विभाग आहेत. प्रत्येक विभागातील एका सुसज्ज आयटीआयमध्ये निदेशक प्रशिक्षणाची तुकडी सुरू झाली तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या निदेशकाला मुंबई-हैदराबादला वर्षभर बिऱ्हाड हलवावे लागणार नाही. महिला निदेशकांसाठी ही अडचण दुप्पट आहे. घर सोडून वर्षभर बाहेर राहणे अनेकींना शक्य होत नाही आणि मग संधी हुकते.

यासाठी आधी पर्यायी निदेशकांची तजवीज लागेल, नाहीतर पाठवण्याजोगा माणूस मोकळाच होणार नाही. निवृत्तीला आलेल्या अनुभवी निदेशकांना एक-दोन वर्षांसाठी या कामावर घेता येईल. त्यांच्याजवळ फाइल डुलण्याचे कारण सांगणारी भाषा आहे आणि ती बहुधा त्यांच्याबरोबरच घरी जाते.

भाषेचाही प्रश्न आहे. निदेशकाचे स्वतःचे शिक्षण बव्हंशी इंग्रजी-हिंदीत होते. शिकवायचे मराठीत, तेही विदर्भात वेगळ्या आणि कोकणात वेगळ्या मराठीत. चेन्नईची राष्ट्रीय निर्देशात्मक माध्यम संस्था १९८६ पासून ट्रेडची पुस्तके तयार करते आणि प्रादेशिक भाषांतही आवृत्त्या निघतात. पण पुस्तकी मराठीत ‘संपीडन गुणोत्तर’ वाचून मुले गोंधळतात, ‘कॉम्प्रेशन रेशो’ म्हटले की समजतात. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता उलगडायचा, याचे भान प्रशिक्षणातच मिळायला हवे. सध्या प्रत्येक निदेशक ते आपापल्या अंदाजाने करतो.

हब आणि स्पोक संस्थांचे आराखडे राज्ये आणि उद्योग मिळून तयार करतील. या आराखड्यांत यंत्रसामग्रीची यादी पानोपानी असेल. प्रत्येक नव्या यंत्रापुढे दोन नोंदी सक्तीच्या करता येतील. ते यंत्र शिकवणारा निदेशक कोण आणि यंत्र बसण्याच्या किती आठवडे आधी त्याचे प्रशिक्षण होणार. पुरवठादाराने यंत्र बसवून दिले, दोन दिवस दाखवले, सही घेतली आणि पुढे वर्षभर त्यावर प्लास्टिकचे आवरण राहिले, असे प्रकार कार्यशाळांना नवे नाहीत. या दोन नोंदी रिकाम्या असतील, तर त्या यंत्राचे पैसे रोखून धरण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे ठेवावा.